गरोदरपणातील आहार : पपईला बंदी, मिश्रीला मोकळीक

घरातील सुनेला दिवस गेल्याची बातमी कळली, की तिच्या पाठोपाठ पथ्यांची यादीही येते. पपई नको, अननस नको, तीळ-गूळ नको, वांगे नको, शेवग्याच्या शेंगा बेताने. सासरची यादी आणि माहेरची यादी क्वचितच जुळते आणि शेजारच्या काकू त्यात आणखी दोन पदार्थांची भर घालून जातात. पहिलटकरीण मात्र या साऱ्या याद्यांची बेरीज पाळते. त्यामागे घरच्यांची माया असते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु यादीतले पदार्थ खरोखर अपायकारक आहेत का आणि जे खरोखर अपायकारक आहे ते यादीत आहे का, हे दोन प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. वैद्यकीय संशोधनाने गेल्या काही दशकांत या दोन्ही प्रश्नांची बऱ्यापैकी स्पष्ट उत्तरे दिली आहेत.

पपईवरील आरोप

सर्व निषिद्ध पदार्थांत पहिला मान पपईचा. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी या समजुतीची थेट परीक्षा घेतली आणि त्यांचा अभ्यास २००२ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन'मध्ये प्रसिद्ध झाला. गाभण उंदरांच्या माद्यांना पाण्याऐवजी पिकलेल्या पपईचा रस देण्यात आला. त्यांच्या गर्भांच्या संख्येत वा वाढीत लक्षणीय फरक आढळला नाही. कच्च्या पपईच्या चिकाची गोष्ट मात्र निराळी निघाली. प्रयोगशाळेत उंदराच्या गर्भाशयाच्या पेशीजालावर हा चीक टाकताच ते आकुंचन पावू लागले आणि हे आकुंचन प्रसूतीच्या कळा आणणाऱ्या संप्रेरकांमुळे होणाऱ्या आकुंचनासारखे होते.

याचा अर्थ आजीचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. फक्त ते सरसकट होते. पूर्ण पिकलेल्या, केशरी गराच्या पपईत चीक जवळजवळ उरत नाही. कच्ची किंवा अर्धवट पिकलेली पपई, तिची कोशिंबीर, तिचा रस हे प्रकार टाळणे शहाणपणाचे. गंमत अशी, की केकमध्ये आणि गोड पावात दिसणारी रंगीबेरंगी टुटीफ्रुटी ही कच्च्या पपईचीच असते आणि ती कोणाच्याही यादीत नसते. ती उकळून साखरेच्या पाकात मुरवलेली असल्याने तिच्यातील चिकाचा प्रभाव नाहीसा झालेला असतो, हा भाग वेगळा.

अननसावरचा आरोप त्याहून दुबळा आहे. त्यातील ब्रोमेलेन हे द्रव्य प्रामुख्याने खोडात आणि मधल्या कडक दांड्यात असते. आपण खातो त्या फोडींत ते थोडे असते आणि पोटात गेल्यावर इतर प्रथिनांप्रमाणे त्याचेही पचन होते. फार अननस खाल्ल्यास जीभ चरचरेल आणि आम्लपित्त वाढेल, इतकेच. तीळ, गूळ आणि वांगे नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने गर्भपात होतो, असा पुरावा नाही. उलट तीळ हा कॅल्शियमचा चांगला साठा आहे. संक्रांतीची तिळाची वडी गर्भवतीच्या हातून काढून घेण्याचे कारण नाही.

या याद्यांच्या मुळाशी 'उष्ण' आणि 'थंड' ही जुनी विभागणी आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांतील मूळ भूमिका मात्र घरोघरच्या याद्यांपेक्षा संयत दिसते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीसाठी महिनेवार आहार सांगितला असून सुरुवातीच्या महिन्यांत दुधावर भर आहे आणि तीव्र औषधे व शोधनोपचार टाळावेत असा रोख आहे. पथ्याचा काटा औषधांवर होता. कालांतराने तो भाजीबाजाराकडे वळला.

दोष कोणाचा?

पपई खाल्ली काय आणि न खाल्ली काय, त्याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. एक फळ वर्ज्य केल्याने बिघडत नाही हे खरे. पण गर्भपात झालाच, तर त्या यादीचे रूपांतर आरोपपत्रात होते. 'काय खाल्लं होतंस?' हा प्रश्न रुग्णालयाच्या खाटेवर पडलेल्या स्त्रीला हमखास विचारला जातो.

निदान झालेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी दहा ते वीस गर्भधारणांचा शेवट गर्भपातात होतो. त्यांतील बहुसंख्य गर्भपात पहिल्या तीन महिन्यांत होतात आणि अशा सुमारे निम्म्या प्रसंगी गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. बीजफलन होतानाच उद्भवलेल्या या दोषाशी स्त्रीने नंतर खाल्लेल्या फळाचा, उचललेल्या बादलीचा किंवा चढलेल्या जिन्याचा संबंध नसतो. मात्र पहिले तीन महिने हेच डोहाळ्यांचे, वेगवेगळे काही खावेसे वाटण्याचे दिवस असल्याने गर्भपाताच्या आदल्या आठवड्यात खाल्लेला एखादा 'संशयित' पदार्थ नेहमीच सापडतो. समजूत अशी पिढ्यान्‌पिढ्या पक्की होत जाते. आपल्याच चुकीने मूल गेले, ही बोच काही स्त्रिया आयुष्यभर बाळगतात.

फडताळातील डबी

पपईची चर्चा चालू असताना त्याच घरात मोरीजवळच्या फडताळात एक लहानशी डबी असते. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू, म्हणजेच मिश्री. महाराष्ट्रात अनेक स्त्रिया सकाळी आणि पुष्कळदा दिवसातून तीन-चार वेळा ती दातांना लावतात. बोट हिरड्यांवर फिरत राहते आणि निकोटिन रक्तात उतरत राहते. मळमळ थांबते, पोट साफ होते, दाढदुखी शमते, अशा कारणांनी गरोदरपणात तिचा वापर वाढतोही.

डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांचा पाठपुरावा करून केलेला अभ्यास २००४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू, त्यातही मुख्यतः मिश्री वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे जन्मवजन इतरांच्या तुलनेत सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि त्यांची प्रसूती सरासरी सहा दिवस आधी झाली. स्त्रियांच्या याच गटाविषयी २००६ मध्ये आलेल्या दुसऱ्या निबंधात तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये मृत बाळ जन्माला येण्याचा धोका सुमारे अडीचपट आढळला. मुळातच अडीच किलोच्या आसपास घुटमळणाऱ्या बाळाच्या दृष्टीने शंभर ग्रॅम ही क्षुल्लक गोष्ट नाही.

मिश्री निसटते ती तिच्या नावामुळे. दवाखान्यात 'तंबाखू खाता का?' असे विचारल्यावर मिश्री लावणारी स्त्री प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते, कारण तिच्या लेखी ते दंतमंजन असते. दात घासण्याच्या पावडरीत व पेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूपर्यंत ही बंदी पोहोचत नाही. ग्रहणात गर्भवतीने सुरीला हात लावला तर बाळाचा ओठ फाटतो, असे सांगून तिला काही तास उपाशी आणि तहानलेले ठेवणारी घरे आजही आहेत. दुभंगलेल्या ओठाचा संबंध संशोधनात आढळला आहे तो गरोदरपणातील धूम्रपानाशी, सुरीशी नव्हे.

तंबाखू सोडण्यासाठी कोणताही महिना उशिराचा नसतो. दारूच्या बाबतीत तर गरोदरपणात कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही.

पाणी आणि कावीळ

पथ्यांच्या पारंपरिक यादीत न आढळणारी दुसरी गोष्ट म्हणजे न उकळलेले पाणी. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून 'हिपॅटायटीस ई' या विषाणूची कावीळ पसरते. इतरांना ती बहुधा काही आठवड्यांत सोडून जाते. गर्भवतीच्या बाबतीत, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तिचे रूप पालटते. या काळात हा आजार झालेल्या स्त्रियांपैकी वीस ते पंचवीस टक्क्यांपर्यंत स्त्रिया दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोजच्या खाण्यापिण्यातून गर्भवतीच्या जिवावर बेतू शकणारा याच्याइतका मोठा धोका शोधून सापडणे कठीण.

या रोगाच्या इतिहासाशी भारताचा आणि पुण्याचाही जवळचा संबंध आहे. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेचे पाणी दूषित होऊन काविळीची प्रचंड साथ आली व सुमारे २९ हजार लोकांना ती झाली. गर्भवतींमधील मृत्यूंचे प्रमाण तेव्हाच लक्षात आले होते. त्या साथीतील जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांची अडीच दशकांनी पुन्हा तपासणी झाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या त्या तपासणीतून, १९८० मध्ये, ही नेहमीची 'ए' प्रकारची कावीळ नव्हती हे सिद्ध झाले. महाराष्ट्रात २०१२ मध्ये इचलकरंजीत या आजाराची मोठी साथ येऊन गेली.

उपाय साधा आहे. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ते आणखी एक मिनिट उकळू देणे पुरेसे असते. अडचण घराबाहेर येते. पाणीपुरीचे पाणी, उसाच्या रसातील बर्फ, हातगाडीवरची पातळ चटणी, कापून ठेवलेली फळे, हे सारे डोहाळ्यांच्या यादीत अग्रभागी असते. पावसाळ्यात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, टँकरच्या दिवसांत, त्यांच्यापासून दूर राहणे उत्तम. पाणीपुरी घरी, उकळून गार केलेल्या पाण्यात केली तर तिच्यावर आक्षेप घेण्याजोगे काही नाही.

याच जातीचे काही धोके 'पौष्टिक' म्हणून घरात येतात. गोठ्यातून आणलेले निरसे दूध त्यांपैकी एक. त्यातून लिस्टेरिया आणि ब्रुसेला हे गर्भपात घडवू शकणारे जिवाणू येऊ शकतात; ते दूध उकळल्याशिवाय घेऊ नये. मोड आलेली कच्ची कडधान्ये हे दुसरे उदाहरण. ओलाव्यात आणि उबेत मोडांबरोबर जिवाणूही वाढतात. उसळ करून खाल्ल्यास हरकत नाही. अर्धकच्ची अंडी आणि नीट न शिजलेले मांस टाळावे. पालेभाज्या भरपूर खाव्यात, पण दोन-तीन पाण्यांतून धुऊन.

काढा, चाटण आणि पुडी

स्वयंपाकातील चिमूट आणि औषधाची मात्रा यांत फरक आहे. हळद, ओवा, मेथी, आले, धणे हे फोडणीत, भाजीत, चहात येतात तोवर ते अन्न असते. त्यांचा अर्क, चूर्ण किंवा कॅप्सूल झाली की ते औषध होते आणि औषधाला लागू होणारी सावधगिरी त्यालाही लागू होते. 'वनस्पतीजन्य आहे, अपाय कसला?' हा युक्तिवाद फसवा आहे. अफूही वनस्पतीचीच असते.

आले हे या यादीतील सज्जन. गरोदरपणातील मळमळीवर दिवसाला सुमारे एक ग्रॅम सुंठीइतक्या प्रमाणात त्याचा उपयोग होतो, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. मेथीची भाजी खुशाल खावी. मेथीचे चूर्ण वा गोळ्या मात्र बाळंतपणानंतरच आणि तेही विचारून घेतलेले बरे.

ज्येष्ठमधाची कथा फिनलंडमधून आली आहे. तिथे ज्येष्ठमधाच्या गोळ्या लोक आवडीने चघळतात. गरोदरपणात त्या भरपूर, म्हणजे आठवड्याला ५०० मिलिग्रॅमहून अधिक ग्लिसिरायझिन पोटात जाईल इतक्या, खाणाऱ्या स्त्रियांची प्रसूती काहीशी लवकर होत असल्याचे २००१ मध्ये हेलसिंकीतील संशोधकांनी दाखवले. पुढे २००९ मध्ये त्याच मुलांची आठव्या वर्षी तपासणी झाली, तेव्हा आकलनाच्या काही चाचण्यांत ती मागे पडलेली आढळली. आईच्या शरीरातील ताणाच्या संप्रेरकापासून बाळाचे रक्षण करणारे वारेतील एक विकर ज्येष्ठमधामुळे निष्प्रभ होते, हे त्याचे कारण मानले जाते. शिवाय ज्येष्ठमधाने रक्तदाबही वाढतो. आपल्याकडे खोकल्यासाठी तोंडात धरलेल्या एखाद्या तुकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. रोजच्या काढ्यात ज्येष्ठमध उकळत असेल, तर मात्र तो बाहेर काढावा.

काढ्यांचे पेव फुटले ते २०२० मध्ये, करोनाच्या काळात. गुळवेल घरोघरी पोहोचली. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा जणांना यकृताचा दाह झाल्याची नोंद तेथील डॉक्टरांनी केली आणि ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीचा वापर झाला असण्याची शक्यता त्या वादात पुढे आली. गर्भवतीच्या दृष्टीने या वादाचा निकाल कोणताही लागो. बाजारातून आणलेली वेल नेमकी कोणती, हे ग्राहकाला ओळखता येत नसेल तर ती उकळून न पिणेच इष्ट.

एरंडेलाचा समज मात्र खरा आहे आणि तेवढ्यासाठीच ते धोक्याचे आहे. नववा महिना सरत आला, की कळा सुरू व्हाव्यात म्हणून ते पाजण्याची पद्धत जुनी. त्यातील रिसिनोलेइक आम्ल आतड्यावर आणि गर्भाशयावर एकाच प्रकारच्या ग्राहक रेणूंमार्फत काम करते, हे जर्मनीतील संशोधकांनी २०१२ मध्ये उलगडले. जुलाब, उलट्या, शरीरातील पाणी कमी होणे हे त्याबरोबर ओघाने येतेच. हा प्रयोग घरी करू नये. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा, कडू चीकही तीव्र रेचक आहे. बद्धकोष्ठतेवर म्हणून कोरफडीचा रस गर्भवतीने घेऊ नये.

याहून गंभीर बाब धातूंची. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये सहा गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिशाचे प्रमाण धोकादायक आढळले. त्या सर्व भारतात तयार झालेली आयुर्वेदिक औषधे घेत होत्या. त्यांच्याकडील औषधांची तपासणी केली असता एका नमुन्यात शिशाचे प्रमाण २.४ टक्क्यांपर्यंत निघाले. शिसे वारेतून बाळाकडे जाते आणि त्याच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. आईला मात्र बरेचदा काहीच जाणवत नाही. रसौषधी आणि भस्मे शास्त्रोक्त शोधन करूनच वापरायची असतात, असे वैद्यकशास्त्र सांगते. पण लेबल नसलेल्या पुडीतील भस्मावर ते संस्कार झाले आहेत की नाहीत, हे घेणाऱ्याला कसे कळणार? गरोदरपणात आयुर्वेदिक उपचार घ्यायचे असल्यास ते नोंदणीकृत वैद्याकडूनच घ्यावेत आणि प्रसूतितज्ज्ञांना त्याची कल्पना द्यावी.

आणि एक पुडी अशी असते, जिच्याविषयी घरात कुजबुजत बोलले जाते. 'मुलगा होण्याचे औषध'. शिवलिंगीचे बी, माजूफळ आणि इतर काही घटक असलेल्या या पुड्यांचा हरियाणात अभ्यास झाला. त्या घेणाऱ्या मातांमध्ये मृत बाळ जन्मण्याचे आणि बाळात जन्मजात व्यंग असण्याचे प्रमाण अधिक आढळले. काही नमुन्यांत स्त्री-संप्रेरकांसारखी द्रव्ये आणि जड धातू निघाले. ही पुडी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिली जाते. बाळाचे लिंग बीजफलनाच्या क्षणीच, पित्याकडून आलेल्या गुणसूत्राने, ठरलेले असते. दुसऱ्या महिन्यात जे ठरत असते ते बाळाचे हृदय आणि हातपाय. देणाऱ्याला काही गमवावे लागत नाही. मुलगा झाला तर औषध लागू पडले, मुलगी झाली तर पथ्य पाळले नाही. गर्भलिंगनिवडीला बंदी घालणारा कायदा १९९४ पासून आहे. तरीही पुडी मिळते.

मग खावे काय?

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भवती स्त्रियांच्या आहाराचा दीर्घ अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी पावणेतीन किलोहूनही किंचित कमी होते. आईने एकूण किती उष्मांक वा प्रथिने घेतली, याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी. ज्यांच्या जेवणात हे पदार्थ वरचेवर असत, त्यांची बाळे अधिक भरलेली होती. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मेथी, चाकवत, माठ आणि शेवग्याच्या पाल्याला मिळालेले प्रशस्तिपत्रच म्हणावे लागेल.

याच अभ्यासातून पुढे 'ब १२' जीवनसत्त्वाचा प्रश्न पुढे आला. निम्म्याहून अधिक मातांमध्ये ते कमी होते. ज्या मातांमध्ये ब १२ कमी आणि फॉलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक आढळला. मधुमेहाकडे जाणारी ही वाट असते. ब १२ वनस्पतींत नसते. शाकाहारी घरांत दूध-दही हाच त्याचा मुख्य आधार, आणि गर्भवतीने दूध सोडले असेल तर रक्तातील पातळी तपासून घेणे योग्य.

हिरव्या भाज्या, फळे आणि दूध यांच्या प्रभावाची पुढची परीक्षा मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झाली. 'सरस' नावाच्या या प्रकल्पात साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासूनच रोज एक खाऊ देण्यात आला. एका गटाला पालेभाज्या, सुकी फळे आणि दूध घातलेला, दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. सर्व बाळांचा एकत्रित विचार करता जन्मवजनात फरक पडला नाही. गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने खाऊ घेतलेल्या स्त्रियांच्या बाळांचे वजन मात्र सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण साध्या खाऊच्या गटात १२.४ टक्के होते, तर पौष्टिक खाऊच्या गटात ७.३ टक्के. दिवस गेल्यावर आहार सुधारू, हा विचार थोडा उशिराचा ठरतो, असे या आकड्यांतून दिसते. फॉलिक आम्लाचेही तसेच आहे. बाळाच्या मज्जारज्जूची नलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते आणि तेव्हा पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर असल्याचा पत्ताही नसतो. म्हणून ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मूल हवे असे ठरताच सुरू करायची असते.

'जास्त खाल्लंस तर बाळ मोठं होईल आणि बाळंतपण जड जाईल' हा सल्ला अजूनही ऐकू येतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार गर्भवतीला रोज सुमारे ३५० उष्मांक अधिक लागतात. हे काही 'दोन जिवांचे' दुप्पट जेवण नव्हे. दोन पोळ्या, वाटीभर वरण आणि एखादे फळ एवढ्यात ते भागते. निर्जळी उपवास, मग ते हरितालिकेचे असोत वा अन्य कोणते, या नऊ महिन्यांत करू नयेत.

रक्तक्षयाची स्थिती चिंताजनक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२ टक्के आणि महाराष्ट्रातील सुमारे ४६ टक्के गर्भवतींना रक्तक्षय असल्याचे आढळले. सरकारी आरोग्य केंद्रांत लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या १८० दिवसांसाठी मोफत मिळतात. त्या पोटात जाऊनही लागू पडत नाहीत याचे एक कारण पुष्कळदा चहा असते. जेवणाबरोबर किंवा गोळीबरोबर घेतलेला चहा लोहाचे शोषण रोखतो. दोहोंत किमान तासाभराचे अंतर हवे. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये. लिंबू, आवळा, पेरू सोबत असल्यास लोह अधिक शोषले जाते. गोळीने शौचाचा रंग काळा होतो, त्याने घाबरून ती बंद करू नये. माती, राख, खडू किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणे हे बरेचदा रक्तक्षयाचेच लक्षण असते. डोहाळा म्हणून तो पुरवण्यापेक्षा हिमोग्लोबिन तपासावे.

दिवसाला दोन-तीन कप चहा चालतो. कॅफीन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे, असा अनेक तज्ज्ञ संस्थांचा सल्ला आहे आणि ती मर्यादा चहापेक्षा कडक कॉफीने लवकर ओलांडली जाते. सैंधव किंवा गुलाबी मीठ 'नैसर्गिक' म्हणून शहरी घरांत आले आहे. त्यात पुरेसे आयोडीन नसते आणि गर्भवतीला ते रोज २५० मायक्रोग्रॅम लागते. बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असल्याने रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच असावे. किनारपट्टीवरील घरांना बांगडा आणि तारली बिनधोक. मोरी, म्हणजे शार्क, यासारखे मोठे शिकारी मासे त्यांच्यातील पाऱ्यामुळे टाळावेत. जनावराच्या काळजात 'अ' जीवनसत्त्व अतिरेकी प्रमाणात असते, त्यामुळे तेही वारंवार नको. केशराच्या दुधाने बाळ गोरे होत नाही. दोन-चार काड्यांनी अपायही होत नाही.

हळदीविषयी मात्र एक सूचना. बांगलादेशच्या ग्रामीण भागात गर्भवतींच्या रक्तात शिसे का आढळते, याचा शोध २०१९ मध्ये हळदीपाशी येऊन थांबला. हळकुंडे चकचकीत पिवळी दिसावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट हा रंग चोळला जात होता. तेथील सरकारने कारवाई केल्यावर २०२१ पर्यंत बाजारातील भेसळ जवळजवळ थांबली. भारतातही सुट्या हळदीच्या काही नमुन्यांत शिसे सापडले आहे. अतिपिवळी, हाताला रंग सोडणारी हळकुंडे घेऊ नयेत. परवाना क्रमांक असलेली सीलबंद हळद त्यातल्या त्यात बरी.

तपासणीला जाताना बहुतेक स्त्रिया सोनोग्राफीचा अहवाल आणि रक्ताचे कागद सोबत नेतात. घरी चालू असलेला काढा, चाटण, गोळी, पुडी आणि मिश्रीची डबीही त्या पिशवीत टाकावी व डॉक्टरांपुढे ठेवावी. पोटात कळा येणे, अंगावरून रक्त जाणे, डोळे वा लघवी पिवळी होणे, डोके सतत दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही घडल्यास काय खाल्ले होते याचा शोध मागाहून घ्यावा आणि आधी थेट रुग्णालय गाठावे.